जांभळ्या कापडाखालची टाकी

प्रिय जिन्सी,

इथे सगळं क्षेम आहे असं लिहून सुरुवात केली होती, पण ते खरं नव्हतं म्हणून तो कागद बाजूला ठेवला. मागची बाजू कोरी आहे, किराण्याच्या यादीला होईल. तू चेल्लानमला आईकडे गेलीस त्याला आता तीन आठवडे होत आले. नीरफणसाला फळं धरली आहेत. लाल कोंबडी खुडूक बसली आहे. शेजारची ब्रिजितचेची रोज कुंपणावरून विचारते, "काय गं त्रेसा, सून माहेरीच राहायला गेली की काय?" मी म्हणते, "तिच्या आईला बरं नाही." तुझ्या धडधाकट आईला मी आजारी पाडलं. या महिन्यातल्या माझ्या खोट्यांमधलं हे सगळ्यात लहान.

टाकीबद्दल लिहायचं टाळते आहे, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. माझ्या नेल्सनने लग्नाआधी हौसेने मांडलेली ती समुद्राच्या पाण्याची टाकी, जहाजावर परत जाताना त्याने तुझ्या हाती सोपवली. तेव्हा मला थोडं लागलंच होतं. घर माझं, वीज माझ्या हिशेबातली, आणि टाकी सुनेची! तू सांगायचीस, "अम्मच्ची, संध्याकाळ झाली की वरचा निळा दिवा बंद करायचा हं, पोवळ्यांनाही रात्र लागते." पण टाकीच्या वरच पवित्र हृदयाची तसबीर. त्या दिव्यात येशूचा चेहरा असा काही उजळायचा की ट्यूब लावायची गरजच पडायची नाही. तू गायनवृंदाच्या सरावाला गेलीस की मी तो दिवा लावून जपमाळ म्हणायची. उपासकाळात माझी जपमाळ लांबली, तसा दिवाही लांबला, आणि खडकांवर हिरव्या केसांसारखं शेवाळ माजलं. तू बिचारी घासून घासून थकलीस. माशांना खाणं जास्त पडतंय का, म्हणून तेही कमी केलंस. मी शेजारी बसून मूग निवडत होते आणि म्हणत होते, "समुद्र काय काचेत राहतो होय?"

शेवटी नेल्सनने फोनवर उपाय सांगितला. तीन दिवस दिवा पूर्ण बंद, टाकी जाड कापडाने झाकायची, उघडून बघायचं नाही. उजेडावाचून शेवाळ मरतं, मासे आणि पोवळी तेवढं सोसतात. तो ईस्टरआधीचा पवित्र आठवडा होता. रिवाजाप्रमाणे देव्हाऱ्यातल्या मूर्ती झाकून उरलेलं जांभळं कापड मीच तुला काढून दिलं. तू हसलीस, "काय अम्मच्ची, माशांनाही उपास?" मी म्हटलं, "मग! या घरात राहतात ना?" किती दिवसांनी आपण दोघी एकत्र हसलो होतो! कापडाला चिमटे लावताना तू एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितलीस: दिवा बंद, पण पंप चालू. अंधारात पाण्यातला प्राणवायू आधीच कमी होतो, त्यात पाणी हललं नाही तर मासे गुदमरतील. मी मान हलवली. मॅट्रिक झाले आहे मी, एवढं मला कळतं.

ईस्टरच्या सकाळी कापड काढलं तो क्षण माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. नेल्सन मुद्दाम फोनवर होता, तू मोबाईल टाकीसमोर धरला होतास. शेवाळ खरंच पांढरं पडून गळलं होतं. आणि ती केशरी पट्ट्यांची जोडी, हातातून खाणारी, दोन्ही तळाशी आडवी पडलेली. पोवळी मिटलेली. नेल्सनने मोबाईल आणखी जवळ धरायला सांगितला. मग म्हणाला, "पंप बंद होता का?" तू म्हणालीस, "नाही रे, चालूच आहे, हा बघ." त्याने मला विचारलं, "अम्मच्ची, तू हात लावलास का?" आणि मी म्हटलं, "मी कशाला लावू? टाकी तर जिन्सीच बघते."

एवढंच म्हटलं. त्यावर तो तुला काय काय बोलला ते मी पुन्हा लिहीत नाही. तो बोलत होता तेव्हा तू फोनकडे नाही, माझ्याकडे बघत होतीस. मी आप्पम उतरवायला आत गेले. दुपारी वाडीतल्या बायका ईस्टरच्या भेटीला आल्या, ब्रिजितचेचीने मेलेले मासे बघून टोमणा मारला, "आजकालच्या पोरींचं लक्ष मोबाईलमध्ये, मासे कोण बघतो?" सगळ्या हसल्या. तू केक वाढत होतीस. मी म्हटलं, "जाऊ दे गं, लहान आहे अजून." म्हणजे मोठेपणाही मीच घेतला. दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन निघालीस तेव्हा उंबऱ्यात थांबून मला फक्त एवढंच म्हणालीस, "अम्मच्ची, पंप बंद करू नका हं." मी म्हटलं, "नाही करणार." तू गेल्यावर खुर्चीत बसले आणि मग कळलं, की तुला ठाऊक होतं.

ईस्टरआधीच्या त्या पवित्र शुक्रवारी तू दुपारच्या आधीच चर्चला गेली होतीस. आपल्याकडे त्या दिवशी घंटासुद्धा गप्प असते, लाकडी खटखटा वाजवतात. मी रेडिओ बंद केला, पंखा बंद केला, घड्याळाचा लंबकही धरून थांबवला. गुडघे टेकले. तर तो पंप घुंऽऽ करतोय. प्रभू क्रुसावर आणि माझ्या घरात यंत्राची कुरकुर! मी उठून बटण दाबलं. काय शांतता झाली जिन्सी! मला वाटलं, आता माझी प्रार्थना पोचेल. उठताना लावू म्हटलं, तेवढ्यात ब्रिजितचेचीने हाक मारली आणि मी तशीच चर्चला निघाले. तिथे प्रभूच्या दुःखाची आठवण म्हणून देतात त्या कडू काढ्याचा घोट घेताना पंपाची आठवण झाली. झाली होती, खोटं बोलत नाही. पण मिरवणूक सोडून निघाले तर लोक काय म्हणतील, आणि म्हटलं, आज माशांनीही थोडं सोसावं. दिवेलागणीला घरी येऊन तुझ्याआधी पंप लावला आणि कापड उचलून बघितलंही नाही. बघायचं नाही, असंच सांगितलं होतं ना!

मागच्या शनिवारी पापनिवेदन केलं. फादरनी ऐकून घेतलं, प्रार्थना सांगितल्या, क्षमा दिली. घरी येताना मला हलकं वाटायला हवं होतं. उलट लाजच वाढली. मासे फादरचे नव्हते, आणि बोलणी फादरनी खाल्ली नव्हती. काल नेल्सनचा फोन आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. पंप किती वेळ बंद होता, ते त्याने दोनदा विचारलं. मग म्हणाला, "अम्मच्ची, तिने मला एकदाही तुझं नाव सांगितलं नाही." आता तुला फोन कुठल्या तोंडाने करू, असं विचारत होता. मी म्हटलं, ज्या तोंडाने बोललास त्याच तोंडाने कर.

टाकीतली पोवळी हळूहळू उघडताहेत, बोटांसारखी ती तपकिरी पहिल्यांदा. निळा दिवा संध्याकाळ होताच बंद करते, जपमाळेला ट्यूब लावते. रविवारी वाडीची प्रार्थनासभा आपल्याकडे आहे. जपमाळेआधी सगळ्यांसमोर हे सांगणार आहे, ब्रिजितचेची असताना. तू आलीस तर तुझ्यासमोर, नाही आलीस तरी सांगणारच. हे फोनवर न बोलता कागदावर का लिहिलं, तेही ऐक. बोललेलं मी उद्या फिरवू शकते. मला माझी जीभ आता कळली आहे. टाकीपुढे उभी राहून ती किती गोड फिरली, ते तू पाहिलंसच. हे मात्र माझ्या अक्षरात आहे, खाली माझं नाव आहे. तुझ्या आईला वाचून दाखव, मग जपून ठेव. पुढे कधी मी सगळ्यांदेखत पुन्हा म्हटलं की "टाकी तर जिन्सीच बघते", तर काही बोलू नकोस, फक्त हा कागद माझ्यासमोर धर. पंप चालू आहे.

तुझीच, माफी मागायला उशीर केलेली,
अम्मच्ची
(कोच्चुत्रेसिया)