दुपारी दोनचा खेळ

६ नोव्हेंबर २०२३, सोमवार

सेल्समन सगळं बिजूला सांगत होता! बिजू माझा टॅक्सीवाला. माझी छत्री धरून मागे उभा होता, एवढाच त्याचा संबंध. पण त्रिशूरच्या त्या चकचकीत दुकानातला टायवाला गृहस्थ — सर, हा रिसीव्हर बघा; सर, याचे वॉट बघा. बिजू बिचारा मान डोलावतोय. मी मध्ये बोलले तर म्हणे, आंटी, तुम्हाला टीव्हीखाली ठेवायचा तो लांबट स्पीकर पुरे, सीरियलला तेवढंच लागतं.

मी सीरियल बघत नाही. मी विचारलं, या पाच स्पीकरांतल्या कुठल्या स्पीकरातून माणसाचं बोलणं येतं? त्याने बिजूकडे बघितलं. मग बॉम्ब फुटतो तो सीन लावला. जो येईल त्याला तोच बॉम्ब. म्हटलं, कुणीतरी हळू बोलतंय असं काही लावा. तसलं काही नव्हतं त्याच्याकडे.

तेहतीस वर्षं टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये काढली मी. गल्फहून कॉल आला की नुसत्या श्वासावरून ओळखायचे कोण आहे ते. आणि मला हा बॉम्ब विकणार!

७ नोव्हेंबर

हा खटाटोप कशासाठी ते लिहून ठेवते. नाहीतर आठवड्याने मलाच हा वेडेपणा वाटेल.

एल्सीसाठी. माझ्या भावाची, वरीदची बायको. वरीद जाऊन पाच वर्षं झाली. मार्चमध्ये एल्सीचा गुडघा बदलला, तेव्हापासून शेजारचं तिचं घर कुलूपबंद आणि ती माझ्याकडे. त्याआधी एकेचाळीस वर्षं आम्ही दोघी शनिवारी दोनच्या खेळाला जायचो. पावसात, भांडण झालेलं असताना, उपासाच्या दिवसांतही — नंतर फादरकडे कबुली देऊन. ते थिएटर आता लग्नाचा हॉल आहे. नव्याला जिनेच जिने.

एल्सी म्हणते, मला काही नको, चेची, मी बरी आहे. (मी नणंद, पण तिची चेची, थोरली बहीणच.) आणि खिडकीशी बसून माळ ओढते. डॉक्टर म्हणतात चाला. ती म्हणते, चालून जायचंय कुठे?

बाबांच्या वेळी भात साठवायची ती मागची खोली रिकामी आहे. एल्सीच्या पलंगापासून अठ्ठावीस पावलं. मोजली मी. तिथे सिनेमा असला तर ती उठेल. उठलीच पाहिजे.

१२ नोव्हेंबर

आणखी तीन दुकानं. एक म्हणतो पाच स्पीकर, एक म्हणतो सात. तिसऱ्याला छतातही बसवायचे आहेत. म्हटलं, माझ्या छताला कौलं आहेत, वर मांजर फिरते, तिला विचारून या.

सगळ्यांना वॉट पाठ. ऐकणं एकालाही माहीत नाही. आमच्या इरिंजालकुडात आवाज कळणारा एकच माणूस आहे, आणि त्याच्याकडे मी मेले तरी जाणार नाही.

१३ नोव्हेंबर

गेले.

पोरिंजू. मागच्या गल्लीत त्याचं गोदाम. लग्नाला, सणाला, पक्षाच्या सभेला भोंगे आणि स्पीकर भाड्याने देतो. २००४ साली मी रात्रपाळी करून दुपारी झोपायचे आणि दोन वाजले की सुरू — धम्म, धम्म. काचा थरथरायच्या, कपाटातल्या बश्या वाजायच्या. मी नगरपालिकेला तीन पानी अर्ज दिला. 'आवाज सदर गोदामातूनच येतो हे मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे.' साक्षीदार म्हणून वरीदनेही सही केली. रागाने हात थरथरत होता त्याचा. गोदामाला तीन महिने टाळं, तेही ऐन सणांच्या दिवसांत. आवाज बंद! आणखी काय पुरावा हवा? तेव्हापासून आमच्या कॉलनीत आवाजाची तक्रार लिहावी तर ती मीच.

एकोणीस वर्षांत आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. आज दारात उभा राहून हात पुसत म्हणाला, "आता कशाचा आवाज येतोय?"

"येत नाहीये, म्हणून तर आले."

हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. मग आतून स्टूल आणलं.

१४ नोव्हेंबर

पोरिंजू खोली बघून गेला. चारी कोपऱ्यांत टाळ्या वाजवत फिरला. एल्सीला वाटलं, भूत उतरवायला आणलाय.

त्याचं म्हणणं — बाजूच्या उंच स्पीकरांवर पैसे उधळू नका. मधला चांगला घ्या, बोलणं तिथून येतं. (हेच मी त्या टायवाल्याला विचारत होते!) रिसीव्हर घेताना वॉटचा आकडा सोडा, सोबत छोटा माइक देतात का ते बघा; तो खोलीचा आवाज मोजतो आणि पाचही स्पीकर त्याप्रमाणे जुळवतो. मागे दोन लहान पुरे. जाड पडदे लावा. सबवूफर, म्हणजे खर्जाची पेटी, सगळ्यात शेवटी.

तो कुठे ठेवायचा म्हणून विचारलं.

"बघू. पण तो कुठे आहे ते ऐकणाऱ्याला कळायचं नाही. शिट्टी कुठून आली ते कान सांगतो, चेची. खर्जाला पत्ता नसतो. कुणाच्याही घरातून आल्यासारखा वाटतो."

आणि माझ्याकडे नको तेवढा वेळ बघत राहिला. म्हटलं, लिहून घेतलंय, पुढे बोला.

१८ नोव्हेंबर

त्याच दुकानात गेलो, मुद्दाम. टायवाला पोरिंजूला म्हणतो, सर, या. पोरिंजू म्हणाला, मी हमाल आहे, मालक त्या. आज टायवाल्याने माझ्या पेनड्राइव्हवरचं हळू बोलणं निमूट लावलं — एल्सीचा माळेचा जप, मी चोरून रेकॉर्ड केलेला. डोळे मिटून चार मधले स्पीकर ऐकले. तिसऱ्यात ती 'आमेन' म्हणायच्या आधी आवंढा गिळते तोसुद्धा ऐकू आला. तोच घेतला. रिसीव्हरही झाला.

बिल बिजूच्या नावाने करू का, असं विचारलंच त्याने. काय म्हणावं!

२२ नोव्हेंबर

आज सबवूफर. पोरिंजूने तीन आणले आणि मला न दाखवता चादरीआड ठेवले. म्हणाला, डोळे मध्ये आले की माणूस चकाकी विकत घेतो. एकेक वाजवला. पहिला नुसता ढोल. दुसऱ्याला धाप लागलेली. तिसरा — तो वाजत नाही, तो बसतो. एखादा जाडा माणूस शेजारी येऊन शांतपणे बसावा तसा. म्हटलं, हा.

चादर काढली तर जुनी काळी लाकडी पेटी! रंग उडालेला. दोन नवेकोरे बाजूला आणि मी हे उचललं. आतला स्पीकर नवा बसवलाय म्हणाला, पेटी जुनी. एका गिऱ्हाइकासाठी त्यानेच बनवली होती, गिऱ्हाईक गेल्यावर परत आली.

"कोण गिऱ्हाईक?"

"होता एक. फार आवडीने ऐकायचा. जरा घाबरट."

एल्सी चहा घेऊन आली होती. पेटी बघून म्हणाली साखर विसरले, आत गेली ती आलीच नाही. गुडघा दुखत असणार.

२४ नोव्हेंबर

या वयात मी रांगले. सबवूफरची जागा ठरवायची रीतच तशी आहे म्हणे — पेटी आपल्या बसायच्या जागी ठेवायची, गाणं लावायचं आणि आपण भिंतीकडेने चार पायांवर फिरायचं. जिथे खर्ज स्वच्छ ऐकू येईल तिथे मग पेटी. पोरिंजू सभ्यपणे खिडकीबाहेर नारळ मोजत होता. मी पूर्व कोपऱ्यात पोचले आणि दारातून आवाज आला. एल्सी! भिंतीला धरून उभी, हसून हसून डोळ्यांत पाणी, काठी खाली पडलेली.

मार्चपासून पहिल्यांदा हसली. माझी ढोपरं सोलवटली. असो. जागा सापडली.

२५ नोव्हेंबर, शनिवार

दोनला पाच मिनिटं कमी असताना एल्सी खोलीतून निघाली. पावडर, निळी साडी, पर्स आणि छत्री! घरातल्या घरात छत्री! म्हटलं, पाऊस आहे का? म्हणाली, सिनेमाला छत्री न घेता गेलेय का कधी?

अठ्ठावीस पावलं. काठी नाही.

पोरिंजूला मध्यंतरात केळ्याची भजी दिली. एकूण एक शब्द ऐकू आला. एल्सीचा एक हात पूर्ण वेळ पेटीवर. आधाराला असेल.

३ डिसेंबर, रविवार

मिस्सा सुटल्यावर लोनप्पन साहेबांनी गाठलं. आमच्या कॉलनीचे अध्यक्ष. रिटायर झाले तरी अजून तहसील चालवतात. म्हणाले, पोरिंजूने परत सुरू केलंय. दोन शनिवार झाले, दुपारी दोनला आमच्या खिडक्या हलतात. तुमच्यासारखा अर्ज कुणाला जमत नाही, तेवढा लिहा. बुधवारच्या बैठकीत सणाच्या मिरवणुकीचं काम त्याच्याकडून काढून घेऊ.

मी म्हटलं, आवाज त्याच्याच गोदामातून येतो कशावरून?

"अहो, दुसरीकडून कुठून येणार? तुम्हीच तर ओळखला होता."

४ डिसेंबर

पोरिंजूला सगळं माहीत होतं. वर्षभराची निम्मी कमाई त्या मिरवणुकीची, आणि हा खाली बसून वायर गुंडाळतोय.

"सांगितलं का नाहीत, माझ्या घरातून येतो म्हणून?"

"एल्सी चालायला लागलीय. खेळ बंद पडला असता. मला सवय आहे, चेची."

"कसली सवय?"

तो वायर गुंडाळत राहिला.

घरी येऊन जुन्या अर्जाची प्रत काढली. 'स्वतःच्या कानांनी.' चार वेळा वाचली. अक्षर फार सुंदर आहे.

६ डिसेंबर, बुधवार

उभी राहिले आणि सांगितलं. आवाज माझा. घर माझं, सबवूफर माझा, पडदे पुरेसे जाड घेतले नाहीत हा दोषही माझा. पोरिंजूचं काम काढायचं तर आधी माझं नाव लिहा.

मागच्या बाकावरून कुणीतरी फसकन हसलं आणि सगळं सभागृह हसत सुटलं. लोनप्पन साहेबांनी चष्मा काढून पुसला. मला अपमान वाटायला हवा होता. ठराव असा — मिरवणुकीचं काम पोरिंजूकडेच. आणि शनिवारी दोन ते पाच आवाजाला हरकत नाही, मात्र लोनप्पन साहेब सपत्नीक येणार. खुर्च्या त्यांनी आपापल्या आणाव्यात.

बाहेर पडताना मी पोरिंजूला विचारलं, २००४ साली तरी आवाज तुमचाच होता ना?

"तेव्हाही सांगितलं होतं, माझा नव्हता."

"मग कुणाचा?"

तो सायकलला पायडल मारून निघून गेला.

७ डिसेंबर, गुरुवार

एल्सी पेटी पुसत होती. वर एक गोल डाग आहे. म्हटलं, तो जरा घासून काढ. म्हणाली, नको, राहू दे, ह्यांच्या चहाच्या पेल्याचा आहे.

मी म्हटलं, कुणाच्या?

"ह्यांच्या. तुम्हाला झोप लागली असेल असं समजून लावायचे, चेची. आमच्या घरी कपाटामागे पेटी ठेवली होती. तुमच्या कागदावर सही करून आले, त्या दिवशी ताप भरला. टाळं लागलं त्या संध्याकाळी जाऊन पोरिंजूचे हात धरून रडले. तो म्हणाला, तीन महिन्यांचंच तर आहे, चेचीला कळू द्यायचं नाही."

आज गुरुवार. तरी दोनला लावली. म्हटलं, वरीद ठेवायचा तेवढा ठेव आवाज. एल्सीने बटण फिरवलं, आणखी थोडं फिरवलं. कपाटातल्या बश्या वाजायला लागल्या.