टिनांवरून उतरवलेले गोटे

श्री. महादेवराव भाऊंना पिंपळगाव राजाहून शेषरावाचा नमस्कार. खामगावात सगळे बरे असतील, वहिनींची गुडघेदुखी उतरली असेल, आणि तुमच्या बहिणीचा, कोकिळेचा हातही (हे विचारायचा हक्क मला उरलाय की नाही, ठाऊक नाही) आता कमी ठणकत असेल, अशी आशा करतो.

कोकिळेनं तुम्हाला सगळं सांगितलंच असेल. ते खरं आहे, तरी माझ्या तोंडून ऐका. आमच्या प्रतीक्षाला पाहायला पाहुणे येणार होते. घरावर टिनं, टिनांवर दाबाला गोटे. मला वाटलं, पाहुणे म्हणतील, यांचं घर दगडांच्या भरवशावर उभं आहे. (होतंच, हे नंतर कळलं.) म्हणून सकाळीच बावीस गोटे उतरवून न्हाणीमागे लपवले. कोकिळा म्हणाली, "गोटे काऊन उतरवता? आभाय कसं दिसून राह्यलं, पाहा तरी!" मोबाईलवर वादळाचा इशाराही आला होता. मी म्हटलं, असे इशारे रोजच येतात.

दुपारी वावधन सुटलं. कोकिळा पोरीला घेऊन शाळेच्या पक्क्या इमारतीत गेली, आणि मी (लिहायलाही लाज वाटते) छपरावर चढून टिनांवर पालथा पडलो. बावीस गोट्यांचं काम एकटा करणार होतो. मला शोधत ती त्या वाऱ्यात परत आली आणि ओरडली, "उतरा अगोदर! तुमी काय गोटा हाये काय?" मी उतरतोय तेवढ्यात एक टिन सुटलं आणि तिच्या मनगटावर बसलं. मला खरचटलंही नाही. भाऊ, तो हात माझ्यामुळे मोडला, याचा फार पश्चात्ताप होतो. पलस्तर झाल्यावर दवाखान्यातून ती थेट तुमच्याकडे गेली, माझ्याकडे न पाहता.

इकडे टिनं ठोकून पुन्हा बसवली. भाकरी मीच थापतो. प्रतीक्षा ती मुकाट्यानं खाते.

आपला,
शेषराव

ता. क. तिला हवं तितकं राहू द्या. माझी अजिबात घाई नाही.

ता. क. वरचं खोटं आहे. येत्या रविवारी पहिल्या बसनं येतो. ती येईल का, एवढं विचारून ठेवा.

ता. क. त्या दिवशी वादळामुळे न आलेले ते पाहुणे काल विचारपूस करायला येऊन गेले. छपराकडे पाहून मुलाचे वडील म्हणाले, "आमच्या टिनांवरचे गोटे याहून मोठे हायेत." पोरगी त्यांना पसंत आहे. पोरीची आई आल्याशिवाय मी होकार देणार नाही. गोटे एकवीस चढवले. मधला मोठा नेमका कुठे ठेवायचा ते तिलाच माहीत, म्हणून तो दाराशी ठेवला आहे.