न्हाय नावाचा कुत्रा

निपाणी,
रविवार, दुपार

प्रिय जिनू,

पत्र बघून घाबरू नकोस. घरात सगळे ठीक आहेत. आप्पा जेवून आडवे झालेत, आई माझ्याशेजारी हरभऱ्याची डाळ निवडत बसलीय. तुझं बेळगावजवळचं हिंडलगा इथून दोन तासांवर, दोघांच्याही खिशात फोन, आणि आक्का पोस्टाचं तिकीट कशाला चिकटवतेय, असं तुला वाटेल. आपल्या घरच्या कुत्र्याचं नाव कसं ठरलं, ते तुला सांगायचं आहे. हसू नकोस, शेवटपर्यंत वाच. शाळेत तू धडा अर्धा वाचून उत्तरं ठोकायचास, तसं या पत्राचं करू नकोस.

एप्रिलमध्ये एका सकाळी यल्लाप्पा टॉवेलात गुंडाळून एक पिल्लू घेऊन आला. आपल्या वखारीतला जुना हमाल तो. वखार बंद होऊन सहा वर्षं झाली, तरी आप्पा आजारी पडल्यापासून रोज सकाळी त्यांना हाताला धरून अंगणात चालवायला येतो. हायवेवर पिल्लाची आई गाडीखाली गेली होती. म्हणाला, "आक्का, चार दिस ठिवून घ्या, मग मी बघतो." ते चार दिवस अजून संपायचे आहेत. आईने त्याला नाव ठेवायच्या आधी नावं ठेवायला सुरुवात केली. एक कान उभा तर एक पडका, रंग शेणीसारखा, आणि जैनाच्या घरात हे खाणार तरी काय. मग स्वतःच दुधात भाकरी कुस्करून घालू लागली. आता तोही आमच्याबरोबर दिवस मावळायच्या आत जेवतो. मागे कुठून तरी अंड्याचं टरफल तोंडात धरून आला, तेव्हा आईने त्याच्याशी तीन दिवस अबोला धरला होता. चौथ्या दिवशी तिनेच त्याची समजूत काढली.

नावाचा घोळ मात्र मिटेना. मी ब्रुनो म्हणत होते. आई म्हणाली, "ब्रुनो म्हंजे दात घासायचं कायतरी वाटतंय." तिला मोती हवं होतं. यल्लाप्पा वाघ्या म्हणे, आणि हा वाघ्या शेजारची कोंबडी दिसली की पलंगाखाली शिरे. देवाधर्माचं नाव चालायचं नाही हे आईने आधीच बजावलेलं. "दिवसातनं धा येळा हाड म्हणाय लागतंय त्येला, ते पाप कुणी घ्यायचं?" सगळा मे महिना आम्ही तिघं तीन नावांनी हाका मारत होतो आणि पिल्लू तिघांनाही सारखंच धुडकावत होतं.

आता आप्पांकडे येते, आणि इथे माझी लेखणी जरा अडखळतेय. जानेवारीत त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही. सौद्याच्या वेळी वखारीच्या या टोकाहून त्या टोकाला ज्यांचा आवाज जायचा, त्यांच्या तोंडून दहा दिवस एक अक्षर फुटलं नाही. अकराव्या दिवशी तू आलास. दवाखान्यात एकदम शिरावं की नाही, म्हणून स्टँडवरून मला फोन केलास. मी आप्पांच्या कानाशी वाकून विचारलं, "आप्पा, जिनू आलाय, बोलवू काय?" त्यांनी तोंड उघडलं आणि स्पष्ट म्हणाले, "न्हाय." दहा दिवसांतला पहिला शब्द. मी तो जसाच्या तसा तुला फोनवर सांगितला. तू "बरं आक्का" एवढंच म्हणालास आणि आलेल्या बेळगाव गाडीत बसलास.

मार्चपासून आम्ही त्यांना बेळगावला निशा मॅडमकडे न्यायला लागलो. वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवतात त्या. पहिल्याच दिवशी त्यांनी आप्पांना विचारलं, चहा घेणार का. आप्पा म्हणाले, न्हाय, आणि कपासाठी डावा हात पुढे केला. मॅडम म्हणाल्या, अशा आजारात कुणाकुणाच्या तोंडी एकच शब्द अडकून राहतो. भूक लागली तरी तोच, पोट भरलं तरी तोच, त्याचा अर्थ लावत बसू नका. मला लगेच दवाखान्यातला न्हाय आठवला, जिनू. तिथून तुझं घर रिक्षाने पंधरा मिनिटांवर. मी आले नाही. एप्रिलमध्ये नाही, मेमध्येही नाही. तुझ्याशी फोनवर पाऊसपाण्याच्या गप्पा मारल्या आणि ही गोष्ट दाबून ठेवली. कारण जानेवारीतला न्हाय खरा होता की अडकलेला, हे मलाच कळत नव्हतं. तुझ्या लग्नाच्या वेळी, सौम्या कानडी आणि परक्या समाजातली म्हणून आप्पा जो न्हाय म्हणाले होते, तो तर शंभर टक्के खरा होता. मी निरोप फिरवावा, तू धावत यावंस, आणि त्यांनी दारातच तोंड फिरवलं तर, या भीतीने मी गप्प बसले. शिवाय आपली चूक कबूल करणं माझ्यासारख्या मास्तरणींना जड जातं, हेही आहेच.

जुलैत मैदानावर कुत्र्यांना लस टोचायचं शिबिर होतं. टेबलाशी बसलेला कारकून विजापूरकडचा, नवखा, मराठीचा गंध नसलेला. आई पुढे, मी पिल्लाला कवेत धरून मागे. त्याने विचारलं, "हेसर?" आई पस्तीस वर्षं इथे राहून भाजीबाजारापुरतंच कन्नड शिकलेली, पण नाव विचारतोय एवढं तिला कळलं. नाव ठरलेलंच नव्हतं, म्हणून ती म्हणाली, "न्हाय." त्याने मान वर केली. "नायी अंत गोत्तैति, हेसर हेळ्री." म्हणजे कुत्रं आहे हे कळलं हो, नाव सांगा. आईला वाटलं, ह्याला ऐकू कमी येतंय. ती मोठ्याने म्हणाली, "न्हाय की वो." तो म्हणाला, नायी दिसतंयच की समोर. ती म्हणाली, न्हाय म्हंजे न्हायच. मागे रांगेतली माणसं पोट धरून हसायला लागली. शेवटी वैतागून त्याने कार्डावर कुत्र्याचं नाव नायी असं लिहिलं आणि शिक्का मारला.

मला मात्र हसायला सुचलं नाही. आई न्हाय म्हणाली की माझ्या कवेतलं पिल्लू आपला तो एक कान टवकारून तिच्याकडे झेप घ्यायला बघत होतं. प्रत्येक वेळी. घरी आल्या आल्या मी आप्पांपुढे मुद्दाम गोळी धरली. "न्हाय," ते म्हणाले, आणि स्वयंपाकघरातून पिल्लू घसरत येऊन त्यांच्या पायाशी बसलं. तीन महिने ते हेच करत होतं. आम्हाला वाटायचं, त्याला आप्पांचा लळा लागलाय. अरे, दिवसभर घरात न्हाय न्हाय ऐकत वाढलेलं पोर ते. ज्या शब्दाने इतक्या वेळा बोलावतात ते आपलंच नाव, असं त्याने कधीच ठरवून टाकलं होतं. दोन्ही भाषा बोलणारी माणसं आपण, पण न्हाय आणि नायी शेजारी ठेवून कुणी पाहिले नव्हते. मी आप्पांना ते कार्ड दाखवलं, मैदानावरचा तमाशा सांगितला. त्यांनी कार्डावरचं कन्नड पुन्हा पुन्हा वाचलं, कुत्र्याकडे बघितलं आणि हसायला लागले. अर्ध्याच तोंडाने, पण खांदे गदागदा हलवत, पूर्वीसारखे. सहा महिन्यांनी. नावाचा प्रश्न त्याच क्षणी मिटला.

त्यानंतर आप्पा त्याच्याकडे बघून न्हाय म्हणायला लागले. तो आला की थोपटायचे, गेला की पुन्हा बोलवायचे. निशा मॅडमना केवढा आनंद झाला. म्हणाल्या, आजवर हा शब्द आपोआप निघत होता, आता ते तो जाणून म्हणतायत. पण पंचाईत अशी झाली की नकार द्यायला आप्पांकडे शब्दच उरला नाही. गोळीला न्हाय म्हणावं तर कुत्रा हजर. पंधरा दिवस नुसता हात हलवत होते. मग श्रावणात एकदा आईने खिचडी वाढली, तर ताट सरकवून म्हणाले, "नको." आई पदराने डोळे पुसत तिथेच उभी राहिली. तिच्या खिचडीला कुणी नको म्हटलेलं तिला जन्मात खपलेलं नाही, आणि त्या दिवशी तिने सगळ्या गल्लीत शिरा वाटला. पुढे पाणी हा शब्द आला, चल आला, यल्लाप्पाचं यल्ल्या आलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी फुलं आणू काय म्हणून विचारलं तर म्हणाले, "व्हय." त्या दिवशी मी शाळेत सबंध वर्गाला गृहपाठ माफ केला.

पण मी मास्तरीण. खात्री करून घेतल्याशिवाय मार्क देत नाही. गुरुवारी आप्पांसमोर खुर्ची ओढून बसले आणि उलटसुलट दहा प्रश्न विचारले. आपलं गाव निपाणी काय? व्हय. तुम्ही बेळगावचे कलेक्टर काय? नको. आईचं माहेर मुंबई काय? नको, नको. दहापैकी दहा. मग नऊ महिने पोटात ठेवलेला प्रश्न बाहेर काढला. "आप्पा, जानेवारीत जिनू आलता. तुमी न्हाय म्हणालासा. येऊ नगो म्हणून म्हणालासा काय?" त्यांना ते आठवत होतं की मी सांगतेय तेव्हाच कळत होतं, मला ठाऊक नाही. पण डोळे भरून आले आणि म्हणाले, "नको. नको." बोलवू काय म्हटलं, तर माझा प्रश्न संपायच्या आत, "व्हय." जिनू, वखारीच्या छपरावर चढून हलगी वाजवावीशी वाटली मला. तुझ्या वाटचे नऊ महिने माझ्यामुळे वाया गेले, त्याबद्दल मला जे बोलायचं ते इथे येऊन बोल. मी ऐकून घेईन, एकदाही मध्ये तोंड घालणार नाही.

आता फोन न करता पत्र का लिहितेय, ते सांगते. मी पुढे विचारलं, सौम्यालाबी बोलवू काय? तुमच्या लग्नानंतरच्या तीन वर्षांत आप्पांनी ते नाव तोंडातून काढलेलं नाही. या वेळी व्हयही नाही, नकोही नाही. ओठ जुळवले, घाम फुटला, एकेक अक्षर ओढून काढलं आणि म्हणाले, "सौम्याला न्हाय दाव." मी नकारच समजून खुर्ची मागे सरकवली. तेवढ्यात आपलं नाव ऐकून अंगणातून कुत्रा धावत आला. आप्पांनी त्याला मानेला धरून माझ्यापुढे केलं आणि तेच पुन्हा म्हणाले, सौम्याला न्हाय दाव. आजारपणानंतरचं त्यांचं पहिलं अख्खं वाक्य आहे ते, आणि ते तुझ्या बायकोसाठी आहे. फोनवर सांगितलं असतं, तर दुसऱ्या शब्दाला तू "बरं आक्का" म्हणून फोन ठेवला असतास. म्हणून कागदावर लिहितेय. सावकाश वाच, सौम्यालाही वाचून दाखव, त्यातला न्हाय म्हणजे आपला कुत्रा, तो तिला दाखवायचाय त्यांना. गुरुवारपासून आप्पा यल्लाप्पाकडून त्याला रोज आंघोळ घालून घेतायत. दोघंही लवकर या, नाहीतर बिचाऱ्याला सर्दी होईल.

तुझीच,
सोनलआक्का