आत्या सभागृहात काय बोलली

८ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

नोकरीवर रुजू झाले. संसदेच्या सभागृहात वर, भिंतीत बसवलेल्या काचेच्या खोलीत माझी खुर्ची आहे. खाली कुणी आपल्या भाषेत बोललं की मी ते लगेच इथल्या भाषेत माइकवर सांगायचं आणि बाकीच्यांनी हेडफोन लावून ऐकायचं. आपली भाषा बोलणारे इथे फक्त आपले खासदार. तुझ्या वेळी आपल्या राज्याचे तिघं असायचे. माणसं राज्य सोडून गेली, तशा जागाही गेल्या. आता एवढ्या मोठ्या सभागृहात आपलं एकच माणूस.

काल सभागृह रिकामं झाल्यावर खाली जाऊन आले. छत इतकं उंच, की मान दुखली तरी बघतच राहिले. आत्या, तू इथे पाच वर्षं बसलीस आणि घरी कधी अवाक्षर काढलं नाहीस. इथली भाषा तुला येत नव्हती, मग तू करायचीस काय? आई म्हणाली होती विचारू नकोस, ती चिडते. तरी विचारतेय.

चिडलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझी,
टकळी

१६ जानेवारी

चि. टकळीस अनेक आशीर्वाद.

चिडत नाही गं, लाज वाटायची. मी साधी नर्स. अर्ध्या जिल्ह्याची बाळंतपणं केलेली, म्हणून लोकांनी निवडून दिलं. बरोबरचे दोघे वकील, ते फडाफडा बोलायचे. मी मतदानाला हात वर करायचे.

शेवटच्या हिवाळ्यात घरी आले होते, तेव्हा बर्फाने घाट बंद झाला. मी पलीकडच्या गावात अडकले, तिथे माझ्या डोळ्यांसमोर एक बाळंतीण दगावली. परत आले ती सभागृहात उभीच राहिले आणि आपल्या भाषेत बोलले. अध्यक्षांनी थांबवलं नाही, कुणी हसलं नाही. तेव्हा तुझी काचेची खोली नव्हती, त्यामुळे कळलंही नाही कुणाला. त्या वकिलांपैकी एक त्या दिवशी आलाच नव्हता, दुसरा खाली मान घालून बसला. पुढच्या निवडणुकीत मी पडले.

ते भाषण अजून पाठ आहे. भांडी घासताना म्हणते.

तुझ्या खासदाराला सांग, जन्मल्यावर तो रडेना, तेव्हा चापट मारून त्याचा आवाज मीच काढला होता. आता तिथे पुटपुटत बसू नकोस म्हणावं. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
आत्या

३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी खासदारांना दाखवलं. पुढचं तुला ठाऊकच आहे, तुला फोन लावून त्यांनी सगळं भाषण उतरवून घेतलं. काल घाटापलीकडच्या दवाखान्यावर ते बोलायला उभे राहिले. म्हणाले, की आमच्या एक सदस्या याच विषयावर इथे बोलल्या होत्या, त्या दिवशी ते कुणाला कळलं नाही, म्हणून आज मी माझं काही न बोलता त्यांचंच बोलतो.

वरून मला दिसत होतं. एकेक हात हेडफोनकडे गेला आणि कुजबुज थांबली. घाट बंद झाला म्हणून आमच्या बायकांना बाळंतपण पुढे ढकलता येत नाही, हे तुझं वाक्य मी सांगितलं. मग ती बाळंतीण रस्ता कधी उघडेल विचारत राहिली आणि तू दर वेळी उद्या म्हणत राहिलीस, ते आलं. वेळ संपली तरी अध्यक्षांनी घंटा वाजवली नाही. मंत्री उठले, हातातले कागद बाजूला ठेवले आणि येत्या हिवाळ्यापासून पलीकडे डॉक्टर बारमाही राहील, असं सभागृहाला वचन दिलं. मला अजून खरं वाटत नाहीये.

तू ऐकलंस का? लवकर लिही.

तुझी,
टकळी

९ फेब्रुवारी

चि. टकळीस अनेक आशीर्वाद.

ऐकलं. रेडिओभोवती सगळी गल्ली जमली होती. पण रेडिओवर तुझाच आवाज, तोही तिथल्या भाषेत. भाषण माझं आणि मला शब्द कळेना, म्हणजे बघ. तरी उठवेना. त्या छताखाली माझं बोलणं लोक ऐकतायत, एवढं पुरे होतं.

मध्येच तुझा आवाज घोगरा झाला, मग तू थांबलीस. पोरी, ते कुठलं वाक्य, ते मला कळलं.

तुझी,
आत्या