घरगाडी का सुरू होत नाही, याचा खुलासा

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा डिझेल पंपांची दुरुस्ती (छातीच्या दुखण्यामुळे दोन वर्षांपासून बंद), हे मृत्युपत्र राहत्या घरी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. अक्षर वाकडे आले तर तो हाताचा दोष समजावा, बुद्धीचा नव्हे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला घरात मुलीशिवाय कोणी उरलेले नाही, आणि ती बिचारी दिवसातून चार वेळा गोळी घेतली का एवढेच विचारते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर, मागच्या शेडसह, माझ्या मुलीला मिळावे. मागच्या खोलीचे दार ओल धरून फुगते. ते सुताराकडून तासून घ्यावे, लाथ मारून उघडू नये. लाथ मारायची सवय तिने माझ्याकडूनच उचलली आहे, म्हणून सांगतो.

२. बँकेत जे काही शिल्लक असेल तेही तिचेच. आकडा लिहीत नाही, कारण दवाखाना अजून चालू आहे.

३. पंप तपासायचे यंत्र आणि माझी सगळी हत्यारे, आता जो कारागीर माझे वर्कशॉप चालवतो त्याला द्यावीत. तशी ती त्याच्याकडेच पडून आहेत आणि परत मागायचे त्राण माझ्यात नाही. फक्त घरच्या शेडमधली, भिंतीलगतची निळी पेटी त्याला देऊ नये. ती माझ्या मेहुण्याची आहे.

४. शेजारच्या मास्तरांनी सहा वर्षांपूर्वी टाकी साफ करायला माझी शिडी नेली. टाकी एव्हाना साफ झाली असावी. शिडी त्यांनाच देऊन वाद मिटवावा असे मनात होते. पण मास्तर या कागदावर साक्षीदार आहेत, आणि आमच्या वकीलबाई म्हणतात की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. तेव्हा शिडी परत आणावी. माझा नाइलाज आहे.

५. घरगाडी. हे कलम लांबणार आहे.

गाडी मुळात पाव पोचवणारी जुनी डिझेल व्हॅन. मी, माझी पत्नी आणि तिचा धाकटा भाऊ, म्हणजे वर सांगितलेला मेहुणा, अशा तिघांनी मिळून तिची कॅम्पर व्हॅन केली. इंजिन आणि पंप माझ्याकडे. मेहुणा मोटार वायरमन, त्यामुळे वायरिंग त्याचे. आतले बाक, पडदे आणि शेगडीचा ओटा हिच्या मनासारखा. घरगाडी हे नावही हिचेच. मेहुण्याने आणि मी एका शटरखाली एकवीस वर्षे काम केले. कोणतीही गाडी आली की तो म्हणायचा डिझेलचे बघा, मी म्हणायचो करंटचे बघ. गिऱ्हाइके चहा घेऊन आमची भांडणे ऐकत बसत.

नऊ वर्षांपूर्वी आम्ही तिघे घरगाडीने समुद्रापर्यंत जाणार होतो. हिने समुद्र पाहिला नव्हता. जाण्याआधी मेहुण्याने इंजिन फिरवणारा स्टार्टर उघडून त्यात करंट पोचवणारे नवे कार्बन घातले. मी चासी खरवडून तिला राखाडी रंगाचे तीन हात दिले. निघायच्या सकाळी ही चपला काढून आत बाकावर बसली. मी किल्ली फिरवली. टक् असा एक आवाज आला आणि इंजिन जागचे हलले नाही. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. दिवे मात्र झगझगीत लागत होते.

दिवे लागतात म्हणजे बॅटरी चांगली, बॅटरी चांगली म्हणजे दोष स्टार्टरचा, आणि स्टार्टर मेहुण्याने उघडलेला. एवढा हिशेब मी जागच्या जागी केला. मेहुणा म्हणाला, दाजी, एकदा इंजिनाचं अर्थिंग बघू द्या. मी त्याला गाडीला हात लावू दिला नाही. माझ्या डोक्यात राख गेली होती. निरोप द्यायला घरी आलेल्या गिऱ्हाइकांदेखत त्याला म्हणालो की जुनेच कार्बन घालून तू नवे म्हणून सांगितलेस, सख्ख्या बहिणीलाही सोडले नाहीस. त्याने मीटर निळ्या पेटीत ठेवला, पेटी तिथेच सोडली आणि निघून गेला.

हिने माझ्यावर विश्वास ठेवला. इंजिनावर हात ठेवून दोष सांगणारा नवरा म्हणून हिला माझे मोठे कौतुक होते. भावाला तिने निरोप धाडला की चूक कबूल केल्याशिवाय घराची पायरी चढू नकोस. केलेच नाही ते तो काय कबूल करणार. पाच वर्षांनी ही गेली. तेव्हा तो फाटकापर्यंत आला आणि तिथूनच परत फिरला.

यंदा दवाखान्यातून घरी आल्यावर मी गाडीवरची ताडपत्री काढली. नवी बॅटरी बसवली. दिवे लागले, किल्लीला टक्. मग मेहुण्याच्या पेटीतली जाड केबल घेतली, तिचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावले, दुसरे थेट इंजिनाच्या लोखंडाला, आणि मुलीला किल्ली फिरवायला सांगितले. इंजिन गरगर फिरले. केबल काढली की टक्, लावली की फिरते. चासीवरून इंजिनाला जाणारी अर्थिंगची पट्टी सोडून पाहिली. जिथे लोखंडाला लोखंड टेकायला हवे, तिथे पट्टीखाली माझा राखाडी रंग होता, तिन्ही हात. करंटची परतीची वाट मीच बुजवली होती. कानस मारून बोल्ट आवळला असता तर आम्ही दुपारपर्यंत निम्म्या वाटेवर असतो.

हे सापडेपर्यंत मी प्रामाणिकपणे स्टार्टरलाच दोषी धरत होतो, हे इथे नमूद करतो.

तो रंग मी खरवडलेला नाही. मेहुण्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा म्हणून पट्टी होती तशी परत बसवली आहे. घरगाडी मी मेहुण्याच्या नावे करतो. सहीच्या दिवशी त्याला बोलवायला मुलीला सांगितले आहे. तो येईल असे वाटत नाही.

६. माझ्यामागे शोकसभा घेऊ नये, भाषणे तर मुळीच नकोत. माझा फोटो हिच्या फोटोशेजारी लावू नये. कारण विचारू नये.

७. (हे कलम आज, सहीच्या दिवशी, वकीलबाई, शेजारचे मास्तर, मुलगी आणि मेहुणा यांच्यासमोर मी स्वतःच्या हाताने वाढवले आहे.)

मेहुणा दहाला आला. केस पार पिकले आहेत. मुलीने दिलेले पाणी त्याने घेतले नाही. कलम पाच उभ्याउभ्या दोनदा वाचले आणि टॉर्च घेऊन शेडमध्ये गेला. मला वाटले, रंग बघेल, दोन शिव्या घालेल आणि मोकळा होईल. शिव्या खायची माझी तयारी होती. वीस मिनिटांनी तो ग्रीसने माखलेल्या हातांनी आला आणि माझ्यासमोर बसला. रंगाचे त्याने नावही काढले नाही.

"गाडीत स्टार्टर कोणता आहे?" त्याने विचारले.

मी डॉक्टरांचा दाखला सरळ करून ठेवला.

"मी उघडलेला तो नाही. हा दुकानातून आणलेला आहे, आणि त्याच्या बोल्टांवर कित्येक वर्षांची धूळ बसलीय. कधी बदललात?"

"तू गेल्यावर. पंधरा दिवसांनी."

"आणि सुरू झाली गाडी?"

"नाही. टक्च."

त्याने चिंधीला हात पुसले. मग म्हणाला, "ताईला सांगितलंत?"

"नाही."

"दाजी, पाच वर्षं होती ती त्यानंतर."

त्याने कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "लिहा ते."

म्हणून लिहितो. कलम पाचमधले 'प्रामाणिकपणे' असे म्हणणारे वाक्य खोटे आहे. पंधराव्या दिवशीच मला कळले होते की दोष स्टार्टरचा नाही, म्हणजे मेहुण्याचा नाही. दोष कुठे आहे ते माहीत नव्हते, पण कुठे नाही ते पक्के माहीत होते. ही तेव्हा स्वयंपाकघरात होती, शेडपासून दहा-बारा पावलांवर. मी गेलो नाही. उद्या सांगू म्हटले. उद्या सांगायला आजच्यापेक्षा जड गेले, आणि वर्ष उलटल्यावर तर सांगायला तोंडच राहिले नाही. मी गाडीवर ताडपत्री टाकली. शेवटच्या आजारात ही एकदा म्हणाली की त्याने नुसते चुकलो म्हटले असते तरी मी त्याला बोलावून घेतले असते. मी तिची उशी सारखी केली आणि बाहेर जाऊन बसलो. त्याची मला लाज वाटते. नऊ वर्षे हे ओझे वागवून मी थकलो आहे, पण थकलो म्हणून ते कमी होत नाही.

मुलीने हे आत्ता पहिल्यांदा ऐकले. ती खिडकीशी उभी आहे आणि माझ्याकडे बघत नाही.

वर लिहिलेले मेहुण्याने वाचले. दुसरा साक्षीदार म्हणून वकीलबाईंनी आपला कारकून आणला होता. मेहुणा त्याला म्हणाला, तुम्ही राहू द्या, सही मी करतो. वकीलबाईंनी त्याला समजावले की सही केली तर घरगाडी तुम्हाला मिळणार नाही. तो म्हणाला, "गाडी कोणाला हवीय? यांनी हे लिहून दिलं, त्याला साक्षी मी पाहिजे."

म्हणून कलम पाचमधील मेहुण्याच्या नावची तरतूद मी रद्द करतो. घरगाडी मुलीला मिळावी. निळी पेटी मुळात माझी नव्हतीच, ती तो आज घेऊन जाईल.

सर्व मजकूर मी वाचून पाहिला. आता त्यात खोटे काही उरलेले नाही.

ठिकाण : राहते घर, मागची खोली
दिनांक : चौदा मार्च, दुपारी बारा वाजून दहा मिनिटे

मृत्युपत्र करणाऱ्याची सही : (केली)

साक्षीदार पहिला : निवृत्त मास्तर. सही केली. मृत्युपत्र करणाऱ्याशी नाते : शेजारी.

साक्षीदार दुसरा : मोटार वायरमन. सही केली. मृत्युपत्र करणाऱ्याशी नाते : वकीलबाईंनी या जागी 'मेहुणा' असे लिहिले होते. साक्षीदाराने ते खोडून स्वतःच्या अक्षरात 'ताईचा भाऊ' असे लिहिले. खाडाखोड मला मान्य आहे.