लुगड्यांचा वाघ

३ डिसेंबर

वहीबाई, उशीर झाला. दिवाळीपासून एक ओळ लिहिली नाही. धान कापणी, मग मळणीचा चुरणा, मग डोळ्यांतून सारखं पाणी. कारणं पुष्कळ आहेत, पण उशीर तो उशीरच. माफ कर. आज लिहितो कारण जीव घाबरा झाला आहे.

दिव्यानी नागपूरहून आली. चित्रकलेचं मोठं शिक्षण घेतलेली माझी एकुलती एक पोर — आणि आज दिवसभर शेतांच्या धुऱ्याधुऱ्यानं जुनी लुगडी सोडवत फिरली! रानडुकरं धानात शिरू नयेत म्हणून आम्ही शेताच्या बांधीभोवती लुगडी बांधतो. ऊन-पाऊस खाऊन त्यांचा रंग कसलातरीच होतो, मग फेकून देतो. हिनं ती बैलबंडी भरून घरी आणली.

प्रफुल, आमचा सरपंच, वाटेत भेटला. "नानाजी भाऊ, पोरीले इतकं शिकवलं, अन् चिंध्या येचाले लावलं?" मी हसलो. हसू खरं नव्हतं.

विचारलं, याचं काय करणार? म्हणाली, वाघ. दिल्लीत नव्या कलावंतांचं प्रदर्शन आहे, त्यासाठी.

वाघ! या गावात! दिवस बुडाला की आम्ही त्याचं नावही घेत नाही.

९ डिसेंबर

मागच्या मांडवात बांबूचा सांगाडा उभा झाला. माझ्या छातीपर्यंत येतो. आत धानाच्या पेंढ्याचं तणीस भरलं आहे. तणीस म्हणजे उंदीर. आणि कोणाची बिडी पडली तर? मांडवाजवळ पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवल्या.

सावलीच्या बाजारातून पिवळ्या रंगाचा डबा आणला. वाटलं, पोरगी संकोचानं मागत नसेल. तिनं डबा कपाटात ठेवून दिला. "बाबा, उन्हानं रंगवून ठेवलंच हाये, मी अजून काऊन रंगवू?" मला पटलं नाही.

१६ डिसेंबर

पटलं!

ती लुगड्यांच्या पट्ट्या पिळून, एकीवर एक गुंडाळून बांधते. विटलेला लाल, विटलेला केशरी — लांबून बघितलं तर कातडीच. लुगड्यांचे काठ वेगळे काढले होते, त्यांचे पट्टे झाले. मी आज मांडवात वाकून शिरलो आणि दचकून मागे आलो. माझ्याच घरात! डोळे अजून बसवलेले नाहीत तरी बघतो.

गावच्या बाया आपापलं लुगडं शोधायला येतात. सोमारी मागच्या पायाशी बसून म्हणाली, "माह्या नवऱ्यानं जन्मात एक चांगलं लुगडं घेतलं, तेबी हा वाघ नेसून बसला." बाया हसून हसून लोळल्या.

भागीरथा मात्र दारातच उभी होती. तिचा नवरा रामाजी मागच्या उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला गेला आणि वाघानं नेला. वाघाच्या मानेजवळ तिचं हिरवं लुगडं आहे. ती बघत नव्हती. खाली मान घालून उभी राहिली, मग गेली. मला फार वाईट वाटलं. दिव्यानीला म्हणालो, ते हिरवं काढून टाक. ती म्हणाली, काढायचं की नाही ते काकूच सांगतील.

२० डिसेंबर

निवड झाली! वाघाचा फोटो दिल्लीला पाठवला होता, त्यांनी वाघच बोलावला. सहा जानेवारीला गाडी येणार. चहाच्या टपरीवर मी सगळ्यांना सांगितलं. काहींना दोनदा सांगितलं असेल.

२३ डिसेंबर

घात झाला.

सकाळी मांडवात गेलो तर वाघाच्या कपाळाला शेंदूर. पुढे नारळ, उदबत्ती. भागीरथा हात जोडून बसलेली. कोण अडवणार तिला? दुपारपर्यंत नारळांची रास झाली, लोक चपला बाहेर काढून आत येऊ लागले. आता तो वाघोबा झाला.

दिव्यानीचं तोंड उतरलं. "बाबा, शेंदूर पुसू?" मी म्हणालो, हात लावू नको. चढलेला शेंदूर आपण पुसत नाही. पण मग गाडी? दिल्ली?

२७ डिसेंबर

गावाची बैठक झाली. प्रफुल म्हणाला, बसलेला देव उठवता येत नाही. बाया म्हणाल्या, वाघोबा बसल्यापासून डुकरंही फिरकली नाहीत. (धान घरात आलं, डुकरं कशाला येतील! पण हे बोलायची सोय नव्हती.) दिव्यानी कोपऱ्यात बसून नखं खात होती. दुसरा वाघ करायला लुगडी उरली नाहीत, वेळही नाही.

मी बैठकीत कधी बोलत नाही. आज उठलो. म्हणालो, आपली देवी दसऱ्याला शीव ओलांडून बहिणीच्या गावी जाऊन येते की नाही? मग वाघोबानं दिल्ली का पाहू नये?

प्रफुल म्हणाला, "देवी वापस येते, भाऊ. याचा जामीन कोन?"

"मी," म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

टपरीवाला विनोद मागून बोलला, "वनखात्याले एक वाघ हलवता आला नाई, अन् नानाजी भाऊ दिल्लीले पाठवून राह्यले." हसू झालं, पण निकाल झाला नाही. शेवटी प्रफुल म्हणाला, शेंदूर भागीरथाबाईनं लावला, ती म्हणेल तो गावाचा शब्द. भागीरथा म्हणाली, "नानाजी भाऊ म्हणते त जाऊ द्या. पण वापस पाह्यजे."

मी जबान दिली.

६ जानेवारी

गेला. बायांनी ओवाळलं. दिव्यानी सोबत गेली. ताडपत्रीची गाठ मी चारदा तपासली, ड्रायव्हर वैतागला.

२० जानेवारी

पेपरात फोटो! मोठा पांढरा हॉल, मधोमध आपला वाघ, कपाळावर शेंदूर तसाच. खाली छापलं आहे — दिव्यानी नानाजी मोहुर्ले. माझं नाव दिल्लीत वाचलं गेलं! सातवी नापास माणसाचं! कात्रण खिशात घेऊन फिरतो. घाम लागू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये घातलं.

२८ जानेवारी

दिव्यानीचा फोन. तिथल्या मोठ्या संग्रहालयाला वाघ कायमचा ठेवायचा आहे. काचेच्या खोलीत, उंदीर नाही, वाळवी नाही. तिलाही वर्षभर काम करायला जागा देणार. इतक्या लहान वयात असं कोणाचं होत नाही म्हणे. एका दमात सगळं बोलली, मग एकदम थांबली. "पन तुमची जबान हाये, बाबा." मी म्हणालो, थोडं थांब.

छाती अभिमानानं फुटेल असं वाटतं, आणि जेवण जात नाही. जामीन मी आहे.

३० जानेवारी

भागीरथेकडे गेलो. खरं ते सांगितलं. ती सुपात तांदूळ पाखडत होती, हात थांबला नाही.

म्हणाली, "भाऊ, त्याले वाघ म्हनून माह्यानं पाहवत नव्हतं. देव केला, तवा पाहता आलं. रोज पाहून राह्यली होती, अन् भेव गेलं." मग सूप खाली ठेवलं. "आता पाहून झालं. राहू द्या तिथंच. माह्यं लुगडं मातर काढू नोका म्हना."

मी उभ्या उभ्या रडलो. प्रफुललाही सांगून आलो. त्यानं मान डोलावली. आता दिव्यानीला फोन लावतो. लागत नाही.

३१ जानेवारी

सकाळी मोबाईलमध्ये तिचा निरोप सापडला. कालच आलेला, मला दिसला नव्हता. "बाबा, मी त्याईले नाई म्हटलं. मी गाडी पाहून राह्यली. वाघोबाले घेऊन येते."

माझ्या शब्दासाठी! अशी पोर कोणाच्या पोटी येते?

पण फोन बंद. पोरी, भागीरथा हो म्हणाली, गाव हो म्हणालं. गाडी भरली नसेल तर थांब. जिथं असशील तिथून कळव, लवकर कळव.