माझ्या नकाराची गोष्ट

२ डिसेंबर

बंगळूरच्या कंपनीचे कोडिंगचे राऊंड झाले. पास. माझा आत्तेभाऊ नच्याही पास. दोघांनी एकदमच अर्ज केलेला. आता राहिलाय 'बिहेवियरल'. म्हणजे मुलीची वागणूक कशी आहे ते बघणार.

नच्याने प्रश्नांची फाईल पाठवली. पहिलाच प्रश्न: तुमचा सगळ्यात मोठा अवगुण कोणता? मी म्हटलं, राग. तो व्हिडिओवरून हसायलाच लागला. "नाय गो बाय, खरा अवगुण नाय सांगायचा! सांगायचं, मी कामात फार बारकाईने बघते." म्हणजे अवगुण विचारला की गुण सांगायचा, वर चेहरा पडलेला ठेवायचा.

आई वाल सोलता सोलता ऐकत होती. "नोकरीसाठी विचारतायत की स्थळ म्हणून?"

जुलैपासून घरी. पेणमध्ये भेटेल तो विचारतो, वर्क फ्रॉम होम काय? हो म्हणते. होम आहे, वर्क तेवढं नाही.

४ डिसेंबर

उत्तर द्यायचीही पद्धत आहे म्हणे. परिस्थिती काय होती, तुमची जबाबदारी काय, तुम्ही काय केलंत, निकाल काय लागला. चार खणी डबा. चारही खण भरलेले हवेत, एकही सांडता कामा नये, आणि दोन-तीन मिनिटांत जेवून मोकळं व्हायचं.

सहा वर्षं नोकरी केली त्याचे डबे भरत बसलेय. टीमला मदत केली तो डबा. नवीन शिकले तो डबा. चुकले तो डबा, पण थोडंसंच चुकलेलं. डोकं फिरतं. एवढं खोटं नटायला मला शाळेच्या गॅदरिंगमध्येसुद्धा कुणी सांगितलं नव्हतं.

७ डिसेंबर, रविवार

नच्या सकाळच्या गाडीने रोह्याहून आला. आत्याने त्याच्याबरोबर आंबोशी पाठवली. दिवसभर सराव. मी मुलाखत घेणारी, तो उमेदवार, मग उलट.

एका प्रश्नावर तो अडकला: वरिष्ठांशी मतभेद झाला तेव्हा काय केलंत? म्हणाला, "माझं कुणाशी वाजलंच नाय कधी." अभिमानाने! खरंच आहे. एकाच टीममध्ये होतो, मी बघितलंय. सोमवार काहीही बोलला तरी हा मान डोलवणार. (आमचा मॅनेजर. कशालाही 'सोमवारी बघू' म्हणायचा म्हणून सोमवार.)

"तुझी सांग ना जेट्टीची. मला अंदाज येईल, कशी सांगायची ती."

सांगितली. धरमतरच्या बाजूचा, जेट्टीवरचा डेपो. बार्जमधून माल उतरतो, ट्रक भरतो, काट्यावर वजन होतं, वजनावर ड्रायव्हरचं भाडं. काट्याचं सॉफ्टवेअर आमचं. नवीन व्हर्जन दुसऱ्या दिवशी चालू करायचं आणि मी तिथे उभी राहून बघितलं: नेट तुटलं की आधीच्या ट्रकचं वजन पुढच्या ट्रकच्या नावावर पडतंय. मीटिंगमध्ये आम्ही चौघं. सोमवार म्हणाला, चालू करा, सोमवारी बघू. मी म्हटलं, माझ्या हातून हे चालू होणार नाही. डेपोच्या मॅनेजरसमोर म्हटलं. थांबलं ते. नीट करूनच गेलं.

चौथा नच्या होता. माझ्या शेजारच्या खुर्चीत, मिठाची गुळणी धरून. लॅपटॉपवर काहीतरी टाईप करत होता. नंतर बघितलं तर समोर काही उघडंच नव्हतं, नुसता डेस्कटॉप. हे मी त्याला कधी बोलले नाही. आजही नाही.

गोष्ट तीनदा सांगायला लावली त्याने. डेपोचा मॅनेजर नेमकं काय म्हणाला, तुझा आवाज चढला होता काय, असं बारीक बारीक विचारत होता. इतकं मन लावून माझं कुणी ऐकलं नाही बऱ्याच दिवसांत.

११ डिसेंबर

चौथा खण भरत नाही.

निकाल काय लागला? मला काढलं, हा निकाल लागला. जुलैत 'पुनर्रचना' झाली आणि अख्ख्या टीममधून एकच नाव गेलं. पण असं सांगायचं नसतं. आधीच्या कंपनीबद्दल कडू बोलायचं नाही, असं त्या फाईलमध्ये जाड अक्षरात लिहिलंय. त्यांनी कडू केलं तर चालतं, मी बोलले की चालत नाही.

बाबा म्हणाले, "खूप शिकायला मिळालं, असं म्हण." बाबा हेडमास्तर होते. त्यांच्या शाळेत नापास झालेल्यालासुद्धा शिकायलाच मिळायचं.

१६ डिसेंबर

नच्याची मुलाखत झाली. "मस्त गेली गो." काय काय विचारलं? "तेच, नेहमीचं." मतभेदाचं विचारलं? "विचारलं ना." मग काय सांगितलंस? "सांगितलं काहीतरी. कोलाडला उतरलोय, आवाज येत नाय, ठेवतो."

फोन अगदी स्वच्छ ऐकू येत होता.

२२ डिसेंबर

माझी झाली. दोघं होते, एक सावळी चष्मेवाली बाई आणि एक तरुण. सुरुवात छान. मग मतभेदाचा प्रश्न आणि मी जेट्टी काढली. मन लावून सांगितली. काट्यापाशी पोचले तशी बाई टाईप करायची थांबली.

"हा प्रसंग तुमच्या कंपनीत सगळ्यांना माहीत आहे का?"

म्हटलं, नसावा. खोलीत चारच माणसं होती.

"आणि नाही म्हणणारी व्यक्ती तुम्ही?"

"हो. मीच."

"नक्की?"

नक्की म्हणजे? नाही म्हणताना माणूस पावती घेऊन ठेवतो काय? तोंडाने मात्र गोड हसून "नक्की" म्हटलं. तिने त्या तरुणाला काहीतरी लिहून पाठवलं, कारण त्याने खाली बघून वाचलं. पुढचे प्रश्न भराभर उरकले. काय चुकलं तेच कळत नाही.

२९ डिसेंबर

मला मेल: निर्णय तूर्तास राखून ठेवत आहोत. नच्याला ऑफर.

आत्याचा फोन आला. बाबा जेवताना उठले. आपल्या ताईचा फोन पहिल्या रिंगला उचलला नाही तर त्यांना पाप लागतं. मग फोन माझ्याकडे. "काय गो मुग्धे, वाईट नाय वाटून घ्यायचं. घरातच आली ना नोकरी? दहा तारखेला पोपटी लावतोय शेतावर, यायचं."

वाईट वाटतंय. त्याला मिळाली म्हणून नव्हे. एवढी तयारी मी करून घेतली आणि त्याने साधं सांगितलंही नाही. आत्याकडून कळतंय.

१० जानेवारी, शनिवार

आम्ही तिघं रोह्याला.

दिवस मावळायच्या आत पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, मडकं पालथं, भोवती जाळ. नच्या उत्सवमूर्ती. शेजारचे लोक, आत्याचे दीर, सगळे गोल करून बसलेले. कुणीतरी विचारलं, मुलाखतीत काय विचारतात रे?

आणि तो सांगायला लागला. धरमतरचा डेपो. काटा. नेट तुटलं. आधीच्या ट्रकचं वजन पुढच्याच्या नावावर. "साहेब म्हणाला, चालू करा. मी म्हटलं, माझ्या हातून हे चालू होणार नाय."

माझं वाक्य, शब्दासकट. आवाज कुठे खाली आणायचा तेही मीच शिकवलेलं.

सगळे म्हणाले, वा. आत्याच्या डोळ्यांत पाणी. आणि पुढे तो चौथा खण उघडतो: "मग मलाच टीम लीड केलं." खरं आहे! केलंच. माझ्या जागेवर. माझा निकालाचा खण रिकामा आणि त्याचा भरलेला, कारण त्यात माझीच खुर्ची आहे.

तेव्हा डोक्यात उजेड पडला, ती चष्मेवाली का थांबली. माझ्या आधी सहाच दिवस तिने हीच गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकली होती. तिच्या लेखी चोर मी.

बांधावर बोलावलं त्याला. त्याने आधी मला हात लावून समजवायचा प्रयत्न केला. म्हटलं, हात खाली.

"अगं, टीमचंच काम होतं ना ते. मी पण होतो त्या मीटिंगला."

"होतास. रिकाम्या स्क्रीनवर टाईप करत होतास."

मग म्हणाला, "तुझ्याकडे दुसऱ्या गोष्टी हायत ना. माझ्याकडे ही एकच होती."

ही एकच होती! त्याच्याकडे!

पोपटी खाल्ली नाही. शेवटच्या गाडीने परत. आई-बाबा उद्या येतील.

११ जानेवारी

आत्याने बाबांना सांगितलं, मुग्धीने भरल्या शेतावर पोराचा अपमान केला. बाबा मला म्हणाले, "त्याचं जमलंय. तुझं आज ना उद्या जमेल. ताईकडे मी काय तोंड दाखवू?"

तोंड त्यांना दाखवायचंय. गोष्ट माझी गेली, नोकरी माझी गेली, दोन वेळा गेली, आणि तोंडाची काळजी बाबांना.

आई भांडी आपटत होती. कुणावर ते कळलं नाही.

१५ जानेवारी

बंगळूरहून फोन. एचआरची मुलगी, बोलायला चांगली. दोन उमेदवारांकडून एकच प्रसंग आलाय, आम्ही नावं सांगू शकत नाही, आम्हाला खात्री करायची आहे. त्या मीटिंगमधल्या एखाद्या माणसाचं नाव आणि नंबर द्याल का? पुढच्या आठवड्यापर्यंत. दुसरी जागा अजून रिकामी आहे.

म्हणजे माझी अजून गेलेली नाही.

मीटिंगमधला माणूस. सोमवार माझ्या बाजूने बोलणार? तो म्हणेल, असं काही झालंच नाही. डेपोचा मॅनेजर आखातात गेला, नंबर बंद. उरला कोण?

हसू आलं. खरंच हसले. आई बघायला आली.

१८ जानेवारी, रविवार

नच्या आला. त्यालाही फोन गेलाय. दाढी वाढलेली. राजीनामा देऊन बसलाय, पुढच्या महिन्यात जॉइन व्हायचं होतं.

त्याचं म्हणणं: दोघांनी एकच सांगायचं. निर्णय टीमचा होता, आम्ही दोघांनी मिळून नाही म्हटलं. सांगण्यात थोडा फरक पडला. "तुझंही होईल, माझंही होईल. कुणाचं काय जातंय?"

बाबा लगेच म्हणाले, हे बरं आहे. शांतपणे, समंजसपणे. मला क्षणभर पटलंसुद्धा, याचाच जास्त राग येतोय. बंगळूर, पगार, हे घर सुटणं, 'वर्क फ्रॉम होम काय' सुटणं. सगळं एका 'आम्ही'वर मिळत होतं.

आई वालाच्या परातीवरून उठलीही नाही. "एवढंच करायचं होतं तर त्या दिवशी साहेबालाच हो म्हणायचं होतंस," ती मला म्हणाली. "नोकरी तरी राहिली असती."

नच्या चहा अर्धा टाकून गेला. बाबा त्याला स्टेशनवर सोडायला गेले. मी नाही.

२० जानेवारी

मेल पाठवला. साक्षीदार म्हणून नाव: नचिकेत. नंबर. खाली लिहिलं, तो माझा आत्तेभाऊ आहे आणि त्या दिवशी माझ्या शेजारी बसला होता. दुसरं काही लिहिलं नाही. तो चोर आहे असं लिहून तीनदा खोडलं. ते त्यांना कळेल, नाही कळलं तर माझं नशीब फुटकं.

मग त्याला फोन केला. पाठीमागून सांगायची सवय मला नाही.

"तुझं नाव दिलंय."

"मुग्धा, आईला काय सांगू मी?"

"आत्याचं मला माहीत नाही. बंगळूरवाल्यांना काय सांगशील?"

"काय सांगू?"

रडत होता बहुतेक. मला दया आली आणि त्या दयेचासुद्धा संताप आला. रविवारी जेवू घालून याची तयारी करून घेतली मी. म्हटलं, चल, शेवटचा सराव. मुलाखत घेणारी मी.

"तुमची सहकारी नाही म्हणाली, तेव्हा तुम्ही तिच्या शेजारी होतात. परिस्थिती आम्हाला माहीत आहे. जबाबदारी माहीत आहे. थेट तिसऱ्या खणावर या. त्या वेळी तुम्ही काय केलंत?"

एरवी तो असा अडकला की मी उत्तर पुरवायचे. आज पुरवलं नाही. फोन कानाला लावून बसून राहिले. तिकडे पंख्याचा आवाज येत होता, आत्या कुणाशी तरी बोलत होती.

उद्या सकाळी त्याला बंगळूरचा फोन आहे.